रामटेक्यांचा बोलका पोपट

बाजपेयींच्या पोपटाला ‘सीताराम’ म्हणायची सक्ती ईश्वर रामटेकेवर कुणी केलेली नव्हती. झालं होतं असं की लखनौच्या त्या सरकारी कॉलनीत दोघांच्या बाल्कन्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आणि बाजपेयींचा पिंजरा नेमका मधल्या कठड्यावर टांगलेला होता. सकाळी ईश्वर ब्रश घेऊन बाहेर आला की पोपट मान वाकडी करून म्हणायचा, “सीताराम!” मागे मधुसूदन बाजपेयी दातून चघळत उभे असायचे आणि ईश्वरकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. पण पाखराने देवाचं नाव घ्यावं आणि माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरावी, हे बरं दिसत नाही. बाजपेयी कॉलनी कमिटीचे सेक्रेटरी, पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे. म्हणून ईश्वर फेसाळल्या तोंडाने ‘सीताराम’ म्हणायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

मग एके दिवशी पोपटालाच उशीर झाला. पंखात चोच खुपसून तो डुलक्या काढत होता. ईश्वर बाहेर आला, ब्रश तोंडात घातला, जरा वाट पाहिली आणि शेवटी आपणहून म्हणाला, “सीताराम.”

त्याची बायको कांता मागे दोरीवर कपडे टाकत होती. तिच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

“अहो,” ती म्हणाली, “त्यांच्या पोपटानं तं तुम्हाला शिकवून टाकलं बाप्पा!”

ईश्वरने ते हसण्यावारी नेलं. पण ऑफिसात दिवसभर त्याचं आकडेमोडीत लक्ष लागेना. बायकोने टोमणा मारला याचं दुःख नव्हतं, टोमण्यांची त्याला सवय होती. दुःख हे होतं की ती बरोबर बोलली होती.

ईश्वर मूळचा भंडाऱ्याकडचा, बौद्ध घरातला. त्याचा बाप छप्पन साली नागपूरला दीक्षा घ्यायला पायी गेला होता. यापुढे देवबीव मानायचा नाही अशी प्रतिज्ञा घेऊन घरी परतला, तर अंगणात त्याचा ईश्वर गोट्या खेळत होता. नाव आधीचं पडलेलं. ते बदलायचं राहून गेलं आणि मग शाळेच्या दाखल्यावरच चढलं. आडनाव रामटेके. म्हणजे नावात ईश्वर, आडनावात राम, आणि माणूस दोघांनाही न मानणारा. अशा माणसाची हजरतगंजातल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेब तपासायला बदली झाली आणि तो लखनौला आला.

लखनौत अदब मोठी. जात तोंडावर विचारायचा गावंढळपणा तिथे कुणी करत नाही. “आपका पूरा नाम क्या हुआ?” एवढंच हसून विचारतात. आडनावावरून माणसाची सगळी कुंडली मांडायची त्या मुलखाला सवय, पण मराठी आडनावांपुढे त्यांची विद्या थिटी पडते. रामटेके म्हणजे कोण, ते कुणाला लागेना. एकाने सांगितलं, मराठा असणार, शिवाजी महाराजांचे लोक. बाजपेयींनी तर फोडच करून दाखवली. “राम की टेक! वाह! खानदानी वैष्णव हैं आप!” ईश्वर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नुसता हसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब होता, आणि हिशेबात तो पक्का होता.

एकदा हसलं की पुढे हसतच राहावं लागतं. बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लागली आणि कुणी आलं की ते दार लोटलं जाऊ लागलं. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना जिन्यात कुणी भेटलं तर ईश्वर सांगायचा, “रिश्तेदारों के यहाँ जा रहे हैं.” कांता सुरुवातीला भांडली, मग गप्प बसली. गावाकडे ज्याने बापाच्या खांद्यावर बसून मोर्चे पाहिले, तो ऑफिसात शिपायालाही दबून ‘नमस्ते’ म्हणायचा. ‘जय भीम’ हे दोन शब्द लखनौत त्याने उंबऱ्याबाहेर कधी काढलेच नव्हते.

तर त्या टोमण्यानंतर ईश्वरने ठरवलं की आपणही पोपट आणायचा आणि त्याला ‘जय भीम’ शिकवायचं. पोपट बाल्कनीतून म्हणेल, सगळी कॉलनी ऐकेल, आणि आपल्याला काहीच बोलावं लागणार नाही. पाखराला कोण जाब विचारणार? ही युक्ती त्याला इतकी आवडली की त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

रविवारी तो मुलीला, पायलला घेऊन जुन्या शहरात नखासला गेला. तिथे रविवारी पाखरांचा बाजार भरतो. मे महिन्याचं ऊन, पिंजऱ्यांवर ओली पोती, आणि पोपट, मैना, मुनिया, तितर यांचा असा कलकलाट की माणसाने माणसाशी खुणेने बोलावं. पायल कॉलेजात होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. “पापा, वो देखिए, उसका गला कितना सुंदर है!”

पाखरंवाला नन्हे मियाँ मोठा रसिक माणूस. त्याने आधी तयार माल दाखवला. एक पोपट ‘सीताराम’ म्हणत होता, एक ‘या अल्लाह’, एक नुसताच ‘चाय लाओ’ असं ओरडत होता.

“जो दीन-धरम कहिए, मिल जाएगा, हुज़ूर. और ये चायवाला किसी भी मज़हब में चल जाएगा.”

“कोरा चाहिए,” ईश्वर म्हणाला. “जिसने अभी कुछ न सीखा हो.”

नन्हे मियाँने टोपलीतून चार पिल्लं काढली आणि पोपट कसा निवडावा यावर प्रवचन सुरू केलं. डोळे काळेभोर हवेत. बुबुळाभोवती पांढरं कडं आलं म्हणजे वय झालं, मग तो शिकत नाही. छातीवर बोट फिरवून बघायचं, हाड टोचलं तर उपाशी ठेवलेला. बोटावर पंजा घट्ट बसला पाहिजे. मानेचा लाल पट्टा आत्ता बघू नका, तो नराला फार उशिरा येतो. आत्ता दिसतोय तो शेजारच्या दुकानदाराने रंगवलेला असतो.

“और सबसे बड़ी बात,” तो म्हणाला, “आप बोलिए और देखिए. जो घूरके सुने, वो सीखेगा. जो मुँह फेर ले, उसे सरकारी नौकरी में लगवा दीजिए.”

ईश्वर काहीतरी पुटपुटला. चारांतल्या एकाने मान तिरकी करून त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो ठरला.

“सिखाइएगा क्या?” नन्हे मियाँने सहज विचारलं.

ईश्वरने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाजारात त्याला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं. होती ती सगळी पिंजऱ्यात होती. तरी तो म्हणाला, “नमस्ते.”

पायलने बापाकडे पाहिलं आणि पिंजरा उचलला.

घरी कांताने कमरेवर हात ठेवले. “रोज बुद्धवंदना म्हणता, अन् हे पाखरू कोंडून ठेवता?” पण पिल्लू इतकं लहान होतं आणि पंख असे कातरलेले, की बाहेर सोडलं असतं तर मांजराने त्याच दिवशी निकाल लावला असता. ती निरुत्तर झाली. निरुत्तर झालेल्या बायकोच्या गळ्यात काम पडतं, हा संसाराचा नियमच आहे. चण्याची डाळ भिजवायची कांताने, सातूचा घट्ट गोळा करून बोटाने भरवायचा कांताने, पिंजऱ्याखालचा कागद बदलायचा कांताने. उन्हाळ्यात लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, सुटली की पिंजऱ्यावर ओलं फडकं, थंडी पडली की ईश्वरचा जुना स्वेटर. कातरलेले पंख वाढल्यावर दुपारी खिडक्या लावून ती त्याला खोलीत मोकळं सोडायची आणि तो पंख्यावर जाऊन बसला की खाली उभी राहून तासभर विनवण्या करायची. पोपट पाळायची हौस ईश्वरची आणि पोपट पाळला कांताने.

ईश्वरकडे फक्त शिक्षणखातं होतं. पहाटे, पाखराच्या पोटात काही नसताना, एकाच माणसाने एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलायचा, अशी नन्हे मियाँची पद्धत. ईश्वरने ती तंतोतंत पाळली. फक्त आधी खिडकी लावायचा, मग पंखा फुल करायचा, मग बाजपेयींकडच्या भिंतीचा कानोसा घ्यायचा, आणि मग पिंजऱ्याला तोंड लावून श्वासाच्या आवाजात म्हणायचा, “जय भीम.” पावसाळा गेला, दिवाळी गेली. पोपट रोखून बघत राहिला.

ऐन थंडीत एके सकाळी पायल दचकून स्वयंपाकघरात आली. “मम्मी, पापा तो नहा रहे हैं ना? फिर बाहर ‘जय भीम’ कौन बोल रहा है?”

दोघी बघायला गेल्या. पोपटाने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, मग मान खाली घालून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हटलं, “जय भीम.”

कांता हसून हसून भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ईश्वर टॉवेल गुंडाळून धावत आला तोवर मात्र तिचं हसू सरलं होतं.

“चोरीचा माल विकून राहिले काय तुम्ही?” ती म्हणाली. “असं असते का कुठं जय भीम? थांबा, मीच शिकवते त्याला.”

कांताने शिक्षणखातं ताब्यात घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती खिडकी उघडली. तिचा आवाज गावच्या महिला मंडळात भीमगीतं गाऊन कमावलेला. भाजी निवडता निवडता, कुकरच्या शिट्ट्यांवर आवाज चढवून, ती पाखराशी, म्हणजे तिच्या मिठूशी, बोलायची. बायकांचा आवाज पोपट लवकर उचलतात म्हणे. होळीच्या सुमारास मिठू असा खणखणीत ‘जय भीम’ ठोकू लागला की खाली भाजीवाला हातगाडी थांबवून वर बघायचा.

कॉलनीने ऐकलं. राम की टेक एका सकाळीत निखळून पडली. बाजपेयींनी दातून चघळायची जागा बदलली. दरवर्षी होळीला त्यांच्याकडून गुजियांचं, म्हणजे खव्याच्या करंज्यांचं, ताट यायचं, ते या वर्षी येईल असं दिसेना. ईश्वर आतल्या मोरीतच ब्रश करू लागला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण तांबडं इतकं भसकन फुटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सरकार बदललं. दोन पक्षांनी राज्य सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरवलं होतं, आणि पहिले सहा महिने निळ्या झेंड्याच्या वाट्याला आले होते. लखनौत वारा फिरला की माणसंही फिरायला वेळ लावत नाहीत. ताट आलं! स्वतः बाजपेयी घेऊन आले.

“रामटेकेजी, आपने तो कभी बताया ही नहीं! और ये आपका... कितना साफ़ बोलता है!” तो काय बोलतो ते बाजपेयींनी उच्चारलं नाही. ते त्याला ‘आपका वो वाला’ म्हणायचे. पण कौतुक मनापासून होतं, निदान सहा महिन्यांपुरतं तरी.

मग ऑफिसचे श्रीवास्तव साहेब आले. हे ईश्वरचे वरिष्ठ. इतक्या वर्षांत ते ईश्वरच्या घरचं पाणी प्याले नव्हते, वेळच मिळाला नव्हता बिचाऱ्यांना. त्यांनी अमीनाबादहून पितळी पिंजरा आणला होता, वर कळस असलेला. दारातून आत येताना ते ईश्वरला म्हणाले, “नमस्ते,” आणि थेट बाल्कनीत जाऊन पोपटापुढे हात जोडून म्हणाले, “जय भीम, जय भीम!” मग सोफ्यावर बसून त्यांनी मेहुण्याच्या बदलीचा विषय काढला. तुमची वरपर्यंत ओळख असेलच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ईश्वरची ओळख वरच्या मजल्यापर्यंतही नव्हती. पण तो जुन्या सवयीने हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हसला.

ते सहा महिने ईश्वरचे झोकात गेले. लोक त्याला ‘रामटेके साहब’ म्हणू लागले. कुणी पेरू आणायचं, कुणी डाळिंब, आणि सगळे आधी बाल्कनीत जायचे. ईश्वर ढेरीवर हात फिरवत मागे उभा राहायचा. आपण एका पाखराच्या जिवावर केवढी क्रांती केली, असं त्याला वाटायचं.

“एक गोष्ट पाहिली का?” कांता एकदा म्हणाली. “सगळे पाखराला जय भीम घालून राहिले. तुम्हाला कोणीच नाही.”

“एकच की गं ते.”

“अन् तुम्ही तरी कोणाला घालता?”

ईश्वरने पेपर उघडला आणि त्यात तोंड घातलं.

सप्टेंबरात ठरल्याप्रमाणे खुर्ची पलटली. पेरू थांबले, डाळिंबं थांबली. श्रीवास्तव साहेबांनी ऑफिसच्या जिन्यात ईश्वरला गाठून हळूच सांगितलं, “वो पिंजरा... किसी से ज़िक्र न कीजिएगा.” आणि पाठोपाठ बाजपेयी आले. या वेळी ताट नव्हतं.

“देखिए रामटेकेजी, हम तो सबका आदर करते हैं. पर आपको मालूम है, देसी तोता पालना क़ानूनन जुर्म है? वाइल्ड लाइफ एक्ट!”

हा कायदा होता आणि खरा होता. नखासमध्ये तो दर रविवारी डझनाने मोडला जायचा आणि कॉलनीतल्या निम्म्या बाल्कन्यांत टांगलेला होता.

“पर आपका भी तो...” ईश्वर चाचरत म्हणाला.

“हमारा?” बाजपेयींना खरोखरच आश्चर्य वाटलं. “वो तो भगवान का नाम लेता है. वो घर का सदस्य है!” मग त्यांनी आवाज मऊ केला. “ऐसा कीजिए, इसे कुछ और सिखा दीजिए. नमस्ते ही सही. माहौल देखिए ज़रा.”

माहोल बघण्यात ईश्वरचं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्याच पहाटे त्याने खिडकी लावली, पंखा फुल केला आणि पिंजऱ्यापाशी जाऊन बसला. “नमस्ते,” तो कुजबुजला. “नमस्ते. नमस्ते.” मिठूने त्याच्याकडे रोखून पाहिलं, छाती फुगवली आणि कांताच्या आवाजात घर दणाणून सोडलं, “जय भीम!”

कांता दारात उभी होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

“तुम्ही भ्या, मी काही म्हणत नाही,” ती म्हणाली. “माणूस भितेच. पण पाखराला तरी भीती नका शिकवू.”

ईश्वरला लाज वाटली, खूप वाटली. तरीही तो आणखी आठवडाभर रोज पहाटे उठला, कारण लाजेपेक्षा धाक मोठा होता. मिठू काही बधला नाही.

मग एका सुटीच्या सकाळी वन विभागाचा दरोगा सायकल हाकत कॉलनीत शिरला. शहराबाहेरच्या बख्शी का तालाबच्या बाजूने एवढं अंतर तुडवत आल्यामुळे तो आधीच वैतागला होता. त्याच्या कॅरिअरला एक रिकामं खोकं बांधलेलं. बाजपेयी त्याच्या स्वागताला फाटकात उभे होते, त्यावरून तक्रार कुणाची हे विचारायची गरज राहिली नाही. बाकीच्या बाल्कन्यांतले पिंजरे बघता बघता घरात गेले. फक्त दोन तसेच राहिले. एक ईश्वरचा, कारण घाबरल्यावर त्याचे हातपाय चालत नसत. दुसरा बाजपेयींचा, कारण आपल्याला कायदा लागू होईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दरोगाने वर पाहिलं. “दोनों उतारिए.”

दोन्ही पिंजरे खाली कडुनिंबाच्या चबुतऱ्यावर आले. कॉलनी कठड्यांवर ओणवली. दरोगा उकिडवा बसला, एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “दोनों की जात तो एक ही है.”

“अरे, क्या बात करते हैं!” बाजपेयी भडकले.

“तोतों की कह रहा हूँ, पंडितजी. दोनों देसी हैं. दोनों मना हैं.”

“पर हमारा तो सीताराम बोलता है!”

“क़ानून में ये नहीं लिखा कि क्या बोले तो छोड़ना है.” दरोगाने कपाळाचा घाम पुसला. “देखिए, मेरे पास जगह एक की है और शिकायत भी एक की है. जय भीम बोलनेवाला तोता. वो कौन-सा है, बता दीजिए, ले जाता हूँ. नहीं पता चला तो दो चक्कर सही, दोनों जाएँगे.” आणि तो ईश्वरकडे वळला. “आपका बोलता है?”

सगळी कॉलनी ईश्वरकडे बघत होती. जिन्याच्या तोंडाशी कांता होती, तिच्यामागे पायल.

“नहीं साहब,” तो म्हणाला. “ये तो... नमस्ते बोलता है.”

पायलने मान खाली घातली. कांताने तोंड फिरवलं. आपण या क्षणी जमिनीत गडप झालो तर फार बरं, असं ईश्वरला मनापासून वाटलं.

“सफ़ेद झूठ!” बाजपेयी ओरडले. “सुबह-शाम चिल्लाता है!”

“तो बुलवाइए,” दरोगा म्हणाला.

बाजपेयी पिंजऱ्यापुढे वाकले. “बोल!” मिठूला कांताने सकाळीच हिरवी मिरची दिली होती. ती पंजात धरून तो सावकाश सोलत होता. “बोल बेटा. अरे बोल ना!”

“ऐसे थोड़े ही बोलेगा,” दरोगाने जांभई दिली. “जो बुलवाना है, वो ख़ुद बोलके दिखाइए.”

बाजपेयी आक्रसले. त्यांनी शेजारी ठेवलेल्या आपल्या पोपटाकडे पाहिलं, दरोगाच्या खोक्याकडे पाहिलं. “जय...” ते म्हणाले आणि पुढचा शब्द गिळला. मिठूने मिरचीचं बी थुंकलं.

“ज़ोर से, पंडितजी. मुझे ही सुनाई नहीं दिया, वो क्या सुनेगा?”

“जय भीम,” बाजपेयी दातांत म्हणाले. मग, एकदा म्हटलंच आहे तर काम तरी व्हावं, म्हणून जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. दरवर्षी सत्यनारायणाच्या पूजेत लाउडस्पीकरशिवाय कथा सांगून कमावलेला तो आवाज, तो आता मोकळा सुटला. “जय भीम! बोल! जय भीम! अरे बोल, जय भीम!”

ईश्वरच्या गावी एक रीत होती. समोरून कुणी जय भीम घातला की तो परत करायचा. घालणारा लहान असो, मोठा असो, भांडणातला असो. वैऱ्याचाही जय भीम तसा वाऱ्यावर सोडायचा नाही. ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नसे, ती हाडांतच असायची. इथे बाजपेयींनी एकदा घातला, दोनदा घातला, ईश्वर ओठ आवळून उभा राहिला. तिसऱ्यांदा त्याला ते पाप वाटायला लागलं. पाचव्यांदा त्याला आपला बाप दिसला.

“जय भीम, बाजपेयीजी,” तो म्हणाला.

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. बाजपेयी वाकल्या जागी थिजले. कांताने वळून पाहिलं.

दरोगाने मान वर केली. “अच्छा? तो ये आप बोलते हैं?”

अजूनही मागे फिरायला वाट होती. नाही साहेब, सहज निघून गेलं, असं म्हणता आलं असतं.

“हाँ, मैं बोलता हूँ,” ईश्वर म्हणाला. त्याने पुढे होऊन मिठूच्या पिंजऱ्यावर हात ठेवला. “पाखरू... ये तोता हमारे घर में सीखा है. झूठ मैंने बोला था. शिकायत मेरे नाम लिख लीजिए.”

दरोगाने बराच वेळ डोकं खाजवलं. “आदमी पर तो ये क़ानून लगता नहीं,” तो म्हणाला, आणि त्याला त्याचं थोडं वाईटही वाटलेलं दिसलं. “और तोता मेरे सामने बोला नहीं. दो चक्कर अब मुझसे होंगे नहीं.” त्याने खोकं पुन्हा कॅरिअरला आवळलं, नळावर पाणी प्याला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

तेवढ्यात समोरच्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाकरलं. गौतमबाबू होते. कपाळाला गंध, शांत स्वभाव, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गौतम म्हणजे गोत्र, तेव्हा हे ब्राह्मणच असणार, असं ईश्वरने पहिल्या दिवसापासून धरलं होतं आणि इतकी वर्षं जिन्यात भेटले की तो त्यांना वाकून नमस्ते करत आला होता. गौतमबाबूंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

“जय भीम, रामटेकेजी,” ते वरून म्हणाले.